कळ आणि कळणं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या घरी फिकट हिरव्या रंगाची एक सुती ओढणी होती. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली, की डोक्यावर ठरायची नाही. म्हणून अम्मीनं तिचे दोन तुकडे केले आणि ते वेगळ्याच कामाला लावले. मी आठ-नऊ वर्षांचा असताना रात्री माझे पाय दुखायचे. दिवसभर पोरांत हुंदडताना काही नाही. जेवून अंथरुणावर पडलो, की पोटऱ्यांमध्ये कुणीतरी आतून पिळा घालतंय असं वाटायचं. मी रडायला लागलो, की अम्मी कंदिलाची वात मोठी करायची, तळहातावर तेल घेऊन पाय चोळायची, ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटून गुडघ्यांवर फुंकर घालायची आणि ओढणीचे ते दोन तुकडे दोन पोटऱ्यांना घट्ट गुंडाळायची. ‘बढ रहा है मेरा बेटा,’ असं म्हणायची. सकाळी मी उठायचो तो थेट अंगणात पळत. ओढणी वाटेत कुठंतरी गळून पडलेली असायची.

हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. साल १९७८-७९. आमच्या भिंतीला भिंत लागून माझ्या दोस्ताचं घर होतं. त्याचं नाव मी इथं घेत नाही, त्याची आई अजून आहे. त्याचेही पाय दुखायचे. तोही रात्री हेच म्हणायचा, ‘माय, पाय दुखून राह्यले वो.’ भिंत कुडाची, त्यामुळे मला ते ऐकू यायचं. एका रात्री त्याची आई, तिला मी मावशी म्हणायचो, आमच्या दारात आली आणि अम्मीला म्हणाली, ‘बाई, ते तुमचं फडकं द्या वो जरा.’ अम्मीनं एक तुकडा तिला दिला. तिथून पुढं त्या ओढणीचा अर्धा भाग माझा आणि अर्धा त्याचा.

माझं दुखणं मी दहाव्या वर्षी विसरलो. माझा दोस्त अकराव्या वर्षी गेला.

एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन पोरं एकच वाक्य बोलत होती आणि दोन आयांनी त्याला एकच उत्तर दिलं. या वाक्याचा इतिहास मला आज सांगायचा आहे. मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण पोराचं दुखणं आई-बापापर्यंत पोचतं ते शब्दांतून, आणि शब्द हे माझ्या रोजच्या कामाचं सामान आहे.

आपल्या मराठीत दुखण्याला शब्दांची वाण नाही. ठणका लागतो, सणक जाते, चमक भरते, उसण भरते, पोटात मुरडा येतो, गोळा येतो, डोकं भणभणतं, जखम ठसठसते, डोळा चरचरतो. यातला एकेक शब्द वैद्याला अर्धं निदान सांगून जाईल. पण हे सगळे शब्द मोठ्यांचे आहेत. पोराकडे एकच शब्द असतो: दुखतं. पाच वर्षांच्या मुलाला डोकं दुखत असलं तरी ते पोटावर हात ठेवतं. पोट हा त्याचा सगळ्यात ओळखीचा मुलूख. आणि मोठ्यांच्या शब्दांतला जो शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘कळ’. कळ येते, कळ उठते, कळ सोसतात. त्याच्या शेजारीच ‘कळणं’ आहे, ‘कळवणं’ आहे आणि ‘कळवळा’ही आहे. व्युत्पत्तीच्या फंदात मी पडत नाही. कोशकार मला झोडपतील. पण कानाला हे चारही शब्द एका वाड्यातले वाटतात.

बोलता न येणाऱ्या पोराचं दुखणं ओळखायचं कसं, हा प्रश्न फार जुना आहे. ‘काश्यपसंहिता’ हा बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ. नेपाळात सापडलेल्या एका खंडित पोथीवरून तो १९३८ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात ‘वेदनाध्याय’ नावाचा एक अख्खा अध्याय याच प्रश्नाला दिला आहे. शिष्य विचारतो, की ज्यांना वाचा नाही अशा बालकांच्या वेदना वैद्यानं कशा जाणाव्या? उत्तरात काश्यप लक्षणं सांगत जातात. डोकं दुखत असेल तर मूल डोकं सारखं हलवतं, डोळे मिटून घेतं. कान दुखत असेल तर हात कानाकडे नेतं. पोट दुखत असेल तर अंगावर पीत नाही, उताणं पडून राहतं. ज्या कुणी हे लिहिलं असेल, त्यानं रात्र रात्र पाळण्याशी बसून पाहिलेलं असणार. नाहीतर ज्या बायका बसल्या होत्या त्यांना विचारलेलं असणार. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. पुढं नवव्या-दहाव्या शतकात इराणातल्या राय शहराच्या अबू बक्र अल्-राझी या हकिमानं मुलांच्या आजारांवर वेगळी पुस्तिका लिहिली. ती लॅटिन आणि हिब्रू भाषांतरांतून आपल्यापर्यंत पोचली. म्हणजे मुलाचं दुखणं ही वेगळी गोष्ट आहे, एवढं भान जुन्या लोकांना होतं.

अम्मी ज्याला ‘बढ रहा है’ म्हणायची, त्याचं नाव डॉक्टरी पुस्तकांत फ्रान्समधून आलं. १८२३ साली तिथल्या एका डॉक्टरनं वाढीच्या वयातल्या आजारांवर लिहिलं आणि ‘वाढीचं दुखणं’ हे नाव रूढ झालं. गंमत म्हणजे वाढीशी त्याचा संबंध आजवर कुणाला दाखवता आलेला नाही. मूल ज्या वयात सगळ्यात भराभर वाढतं, त्या वयात हे दुखणं होतही नाही. तरी नाव टिकलं, कारण ते आई-बापाला धीर देणारं नाव आहे. दुखतंय म्हणजे पोर वाढतंय, यापेक्षा गोड निदान कुठलं? आणि बहुतेक वेळा त्यानं बिघडतही नाही. रात्री दोन्ही पाय दुखतात, चोळल्यावर बरं वाटतं, सकाळी मूल खेळायला पळतं. पण सांधा सुजला, ताप आला, मूल लंगडायला लागलं, दुखणं दिवसाही राहिलं किंवा एकाच जागी येऊ लागलं, तर ते वाढीचं दुखणं नव्हे.

माझ्या दोस्ताचं दुखणं सकाळी जायचं नाही. हे मला आठवतं, कारण शाळेत जाताना मी त्याला हाक मारायचो आणि तो यायचा नाही. पावसात भिजला, तळ्यात डुंबला, ताप आला, की चार-चार दिवस तो खाटेवर. लहानपणी त्याच्या हातापायांची बोटं सुजायची, असं मावशी सांगायची. डोळे पिवळट. काविळीचं म्हणून कुठलं कुठलं मुळीचं औषध झालं, गंडा झाला, आमच्या मशिदीतून पाणी फुंकून आणलं. शाळेत गुरुजींनी गैरहजेरीबद्दल त्याला छड्या मारल्या. त्यानं ‘पाय दुखत होते’ म्हटल्यावर वर्ग हसला. मीही हसलो. माझेही पाय दुखायचे आणि मी तर रोज शाळेत जात होतो.

आता थोडं लांब जाऊ या, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथं घाना नावाचा देश आहे. फेलिक्स कोनोते-आहुलू हे तिथले डॉक्टर. आपल्याच लोकांमध्ये घराण्यातून चालत आलेल्या एका दुखण्याचा त्यांनी शोध घेतला. पावसाळ्याच्या दिवसांत उठणारं, हाडं आणि सांधे कुरतडणारं दुखणं. त्यांच्या ध्यानात आलं, की डॉक्टरांनी नाव देण्याच्या कितीतरी आधी तिथल्या भाषांत या दुखण्याला नावं आहेत. गा भाषेत च्वेच्वीच्वे. फांती भाषेत न्वीवी. एवे भाषेत न्युइदुदुई. त्वी भाषेत अहोतुतुओ. ही नावं मी मोठ्यानं म्हणतो तेव्हा अंगावर काटा येतो. कारण ही नावं आजाराची नाहीत, आवाजाची आहेत. पुन्हा पुन्हा, कुरतडत, थांबत, परत येत जाणाऱ्या कळेचा आवाज. आपण ठसठस म्हणतो, ठणठण म्हणतो, तशी. कुठल्या तरी आईनं पोराचं कण्हणं ऐकलं असेल आणि पुढं भाषेनं ते जसंच्या तसं जपून ठेवलं असेल. कोनोते-आहुलूंनी स्वतःच्या घराण्यात हे दुखणं पिढ्यांमागून पिढ्या, नावानिशी, १६७० सालापर्यंत मागे नेऊन दाखवलं. ते नुसत्या घरच्या आठवणींवर. तिथं आई-बाप आपल्या पोरांशी या दुखण्याबद्दल बोलत होते, म्हणून तीनशे वर्षांची वंशावळ शिल्लक राहिली.

याच आजाराला डॉक्टरी नाव मिळालं अमेरिकेत. १९०४ सालच्या डिसेंबरात शिकागोतल्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण आला. ग्रेनाडा बेटावरचा, दंतवैद्यकीचा विद्यार्थी, घरापासून हजारो मैल दूर. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तांबड्या पेशी गोल नव्हत्या, लांबट आणि वाकलेल्या, विळ्यासारख्या होत्या. आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यावर लेख लिहिला. १९२२ साली ‘सिकलसेल ॲनिमिया’ हे नाव पडलं. सिकल म्हणजे विळा. आमच्याकडे ज्यानं धान कापतात तोच. नोएल शिक्षण पुरं करून ग्रेनाडाला परतला, तिथं दवाखाना थाटला आणि १९१६ साली न्यूमोनियानं वारला. वय अवघं बत्तीस.

मग शोध भराभर लागत गेले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. त्याच साली तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो हेही स्पष्ट झालं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारातली एक शक्यता. १९५०च्या दशकातच कळलं, की १४६ मण्यांच्या माळेत सहावा मणी बदललेला असतो, बस्स. आणि १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दाखवलं, की ज्याच्यात हा दोष अर्धाच आहे त्या मुलाला हिवतापापासून संरक्षण मिळतं. म्हणून हिवतापाच्या जंगली मुलखांत तो टिकून राहिला. एका बाजूनं आला तर पोर वाचवतो, दोन्ही बाजूंनी आला तर पोर झिजवतो.

आई-बापाला यातलं काही ठाऊक नव्हतं तेव्हा ते काय करत होते? नायजेरियातले इग्बो लोक वारंवार आजारी पडून दगावणाऱ्या मुलांना ‘ओगबांजे’ म्हणत. तेच मूल पुन्हा पुन्हा जन्माला येतं, आईला छळून परत जातं, अशी समजूत. चिनुआ अचेबे यांच्या १९५८च्या कादंबरीत अशी एक मुलगी आहे. यामागं बऱ्याचदा सिकलसेल असावा, असं नंतर डॉक्टरांनी लिहिलं. अशा मुलांना ते लोक नावं ठेवत ती मरणाला विनवणारी. ‘मरणा, पाया पडतो’ किंवा ‘पुन्हा असं न होवो’ अशा अर्थाची. मला हे वाचताना परकं वाटलं नाही. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही नावं कुठून आली? पोरं जगत नव्हती, म्हणून मरणाला फसवायला आई-बापांनी ठेवलेली. आमच्यातही ‘फकीर’ नाव ठेवत, म्हणजे ह्याच्याकडून घेण्यासारखं काही नाही, पुढं जा. मूल अजून बोलायला शिकलेलं नसतं आणि आई-बाप त्याच्या नावातूनच दुखण्याशी बोलणं सुरू करतात.

आता १९५८ या सालापाशी थांबतो. भारतात सिकलसेल प्रथम आढळला तो १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींत. आणि त्याच साली आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही. विदर्भाची नोंद झाली ती १९५८ साली. शुक्ल आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या मान्यवर नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलवर लेख लिहिला. त्याच वर्षी इंग्लंडात ब्रिस्टलच्या डॉ. जॉन ॲपली यांनी नेश या सहकाऱ्यासह शाळेतली एक हजार मुलं तपासून वेगळाच लेख लिहिला. विषय: पुन्हा पुन्हा पोट दुखणारी मुलं. दहातल्या एकाहून जास्त मुलांची अशी तक्रार होती. आणि पुढं कसून तपासणी केलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांमध्ये शरीराचा काही रोग सापडला. बाकीच्यांच्या घरी आई, बाप, भावंडं यांचंही काही ना काही दुखत असे. ॲपलींचं म्हणणं होतं, की रोग सापडला नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. पोर ताणात आहे आणि ते पोटातून बोलतंय.

एकाच वर्षी छापलेले हे दोन लेख. एक म्हणतो, पोराचं परत परत दुखणं बहुधा रोग नसतो. दुसरा म्हणतो, तुमच्या मुलखात त्याच्या मागं एक जीवघेणा रोग आहे. दोन्ही खरे. आणि माझ्या दोस्ताला छड्या बसल्या तेव्हा दोन्ही लेखांना वीस वर्षं झाली होती. नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटर. त्या दीडशे किलोमीटरच्या वाटेवर ते ज्ञान वीस वर्षं कुठं अडकून पडलं होतं, याचा राग मला अजून येतो. कुणा एकावर नाही येत, म्हणून तो जातही नाही.

शेवटच्या वर्षी माझ्या दोस्तानं दुखतंय म्हणणंच सोडलं. भिंतीपलीकडून आवाज यायचा बंद झाला, तेव्हा अम्मीला वाटलं पोर सुधारलं. मला खूप नंतर समजलं, की मुलं गप्प होण्याचाही एक इतिहास आहे. जोआन एलंड या अमेरिकन परिचारिकेनं १९७७ साली एक साधी मोजणी छापली. शस्त्रक्रिया झालेली चार ते आठ वर्षांची २५ मुलं. त्यांतल्या १३ जणांना वेदनेवर एकही औषध दिलं गेलं नव्हतं. सगळ्यांचं मिळून एकूण २४ मात्रा. तशाच शस्त्रक्रियांच्या १८ मोठ्या माणसांना नुसती अफूजन्य औषधंच ३७२ मात्रा. कारण? मुलं मागत नव्हती. आणि मुलं मागत नव्हती, कारण दुखतंय म्हटलं की सुई टोचतात. एलंडनं मुलांना रंगीत खडू आणि माणसाच्या आकृतीचं चित्र दिलं आणि सांगितलं, दुखतं तिथं रंगव. जास्त दुखण्याला बरीच मुलं लाल रंग उचलत. १९८०च्या दशकात ओक्लाहोमातल्या डोना वाँग आणि कोनी बेकर यांनी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी केली. आज आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही ती भिंतीवर दिसते. पोरानं फक्त बोट ठेवायचं.

तान्ह्या बाळांना तर वेदनाच होत नाहीत, असं त्या काळात बरेच डॉक्टर मानत, आणि पुरेशी भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत. या समजाला धक्का दिला तो काश्मीरमध्ये जन्मलेल्या, इंदूरला डॉक्टरी शिकलेल्या कंवलजित आनंद यांनी. १९८७ साली हिकी या सहकाऱ्यासह त्यांनी नवजात बाळाच्या वेदनेवर जो लेख लिहिला, त्यानंतर जगभर पद्धत बदलत गेली. काश्यपांच्या वेदनाध्यायातली गोष्ट जगाला पुन्हा सिद्ध करून दाखवावी लागली, असं माझ्यातल्या कवीला म्हणावंसं वाटतं.

पण दोस्ताच्या गप्प राहण्याचं कारण सुई नव्हती. त्याला सुई क्वचितच मिळाली. १९७८ साली मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं एक पुस्तक आलं. रक्ताच्या कर्करोगानं मरत असलेल्या अमेरिकन मुलांमध्ये त्या कित्येक महिने बसल्या होत्या. आई-बाप मुलांना काही सांगत नव्हते आणि मुलांना सगळं ठाऊक होतं. फक्त ठाऊक आहे असं मुलं दाखवत नव्हती. आई-बाप कोसळतील म्हणून. दोन्हीकडून नाटक चाललेलं, एकमेकांना सांभाळण्याचं. हे वाचलं त्या रात्री मी झोपलो नाही. शेवटच्या पावसाळ्यात मावशी विचारायची, ‘दुखते का बाबू?’ आणि तो म्हणायचा, ‘नाही दुखत माय.’ मला ते ऐकू यायचं. त्याआधी दिवसा त्यानं मला सांगितलेलं असायचं, की दुखतंय.

आता माझ्या चुकीचं सांगतो. माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. शाळेची पोटदुखी, असं घरात सगळे म्हणाले. मी नाही म्हटलं. मी एकदा हसलो होतो, पुन्हा हसणार नव्हतो. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, सिकलसेलचीही तपासणी झाली. काही निघालं नाही. तरी मी रोज उठल्याबरोबर विचारायचो, दुखतंय का, कुठं, कालच्यापेक्षा जास्त का? एके दिवशी ती म्हणाली, ‘अब्बा, तुम्ही विचारता ना, तेव्हा दुखायला लागतं.’

त्याच सुमारास, २००६ साली, अमेरिकेत लिन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. मी ते बरंच उशिरा वाचलं. मुलांना पोट तुडुंब होईतो पाणी प्यायला दिलं. काही आई-बापांना सांगितलं, मुलाच्या दुखण्याची विचारपूस करा. काहींना सांगितलं, विषय बदला, दुसरं काही बोला. विचारपूस केलेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, विषय बदललेल्यांच्या निम्म्यावर आल्या. मला चटका बसला तो पुढच्या भागाचा. पोटदुखी असलेल्या मुलांच्या आई-बापांना वाटत होतं, की विषय बदलल्यानं मुलाचं नुकसान होईल. मुलांना मात्र आपले आई-बाप तेव्हाच जास्त बरं वाटायला लावतात असं वाटलं.

माझ्या घरी हा प्रश्न अम्मीनं सोडवला, कुठलंही संशोधन न वाचता. दुपारी अंबाडीची भाजी निवडताना तिनं नातीला शेजारी बसवलं. पोटाचं नाव काढलं नाही. ‘कल डब्बे में क्या खाई?’ एवढंच विचारलं. दोघींचे हात चालू, डोळे भाजीवर. थोड्या वेळानं पोरगी म्हणाली, डबा खाल्लाच नाही. मग हळूहळू सगळं निघालं. शाळेच्या ऑटोत दोन मोठ्या मुली रोज तिचा डबा काढून घेत आणि सांगितलंस तर बघ म्हणत. ऑटो बदलला. पोट महिनाभर आणखी दुखलं, मग थांबलं.

तेव्हापासून मी एका पेचात आहे आणि तो सुटलाय असं मी म्हणणार नाही. पोराचं ऐकलं नाही तर माझ्या दोस्तासारखं होतं. फार ऐकलं तर माझ्या मुलीसारखं. मला जमलं एवढंच, की तपासणी करताना पूर्ण विश्वास ठेवायचा आणि तपासणी झाली की भाजी निवडायला बसवायचं. पण ज्या घरात रोग खरोखरच आहे त्या घरी हे दोन्ही रोज करावं लागतं, आयुष्यभर.

अशी घरं आमच्या भागात पुष्कळ आहेत. आपल्याकडच्या सिकलसेलच्या प्रकाराला शास्त्रज्ञ ‘अरब-भारतीय’ म्हणतात, कारण तोच सौदी अरेबियाच्या पूर्व भागातही सापडतो. माझ्या नशिबात सगळीकडेच हा जोडशब्द आहे. हा प्रकार सौम्य, असं बरीच वर्षं म्हटलं गेलं. पण कळांनी पुन्हा पुन्हा भरती होणारी मुलं विदर्भातल्या डॉक्टरांनी पुष्कळ पाहिली आहेत. १९९५ साली हायड्रॉक्सियुरिया या गोळीनं कळांचे झटके कमी होतात हे सिद्ध झालं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवून. आज आमच्याकडच्या आया ‘पोराचा एसएस पॅटर्न आहे’, ‘क्रायसिस आला’ असं सहज बोलतात. घानातल्या शब्दांइतके हे शब्द सुंदर नाहीत. पण दवाखान्याच्या दारात ते लगेच उघडतात.

गेल्या पावसाळ्यात मावशीला भेटायला गेलो होतो. ऐंशीच्या पुढं आहे. मुलीकडे राहते. मी तिला पहिल्यांदाच सांगितलं, की त्याला बहुतेक काय झालं असेल. तपासलं कुणी नव्हतं, पण बोटं सुजणं, पिवळे डोळे, पावसातली कळ, सगळं जुळतं. विळ्यासारख्या पेशी, आई-बाप दोघांकडून थोडं थोडं, कुणाचा दोष नाही, असं सगळं. ती धान्य पाखडत होती. म्हणाली, ‘ठाऊक हाय. पोरीचं तपासलं तवा नर्सबाईनं सांगतलं. एएस निघाली ते.’ मग सूप थांबवून म्हणाली, ‘तो नाही दुखत म्हणे, तवा मले समजत होतं बाबू. पण तो म्हणे, म्हणून मीही बरं म्हणो.’

मी काही बोललो नाही. आतल्या खोलीतून तिच्या पणतूचा आवाज आला, ‘आजी, पाय दुखून राह्यला वो.’ तिनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत जाता जाता म्हणाली, ‘कोणता? इकडं ये, दाखव बरं.’